मुदतपूर्व निवडणुकीची उतरती रेषा

सरकारनं मुदतपूर्व निवडणूक कधी घ्यावी? लेस्मोनो, टोंक्स आणि बरेज या गणितज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या संदर्भात दिलेलं उत्तर आलेखावरच्या एका उतरत्या रेषेत मावतं. ही रेषा सावकाश वाचण्यासारखी आहे.

ऑस्ट्रेलियातला मतदार पसंतीक्रम देतो. पसंतीची मतं वाटत गेली, की लढत बहुधा लेबर पक्ष आणि लिबरल-नॅशनल युती यांच्यावर येऊन ठेपते. म्हणून देशाचा कल एकाच टक्क्यात मांडता येतो. हा टक्का सतत हेलकावे खातो, पण सरासरीकडे ओढलाही जातो.

खरी प्रतिभा दिसते ती सरकारला काय हवं, हे ठरवण्यात. मोजायची ती मतं किंवा जागा नव्हेत, तर सत्तेत राहण्याचा अपेक्षित काळ. प्रतिनिधीगृहाची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं. आज जिंकलं तर नवी 3 वर्षं मिळतात, हरलं तर उरलेले दिवसही जातात. पहिल्या वर्षी कमाई थोडी आणि गमावण्यासारखं पुष्कळ, म्हणून निवडणुकीसाठी किती कल हवा हे सांगणारी रेषा उंचावर. मुदत सरते तशी ती खाली येते. कल तिच्या वर गेला, की तारीख जाहीर करावी. हिशेब शेवटच्या दिवसापासून मागे मागे येत होतो. सरासरीची ओढ सांगते, ‘वर आहेस तोवर उरकून घे’. हेलकावे सांगतात, ‘थांब, अजून वर जाशील’. या दोघांचा तोल म्हणजे ही रेषा.

पण या गणितातला कल हळूहळू सरकणारा आहे; राजकारण कधी उडी मारतं. 3 फेब्रुवारी 1983 रोजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी मुदतपूर्व निवडणुकीचा डाव टाकला. त्याच दिवशी विरोधी लेबर पक्षाचे नेते बिल हेडन पायउतार झाले आणि पक्षाची धुरा बॉब हॉक यांच्याकडे गेली. 5 मार्चला फ्रेझर हरले.

तरीही रेषेचं मोल कमी होत नाही. आपल्याकडे एकत्र निवडणुकांसाठी डिसेंबर 2024मध्ये लोकसभेत मांडलेल्या 129व्या घटनादुरुस्ती विधेयकात, मध्येच निवडून आलेल्या सभागृहाला फक्त उरलेली मुदत द्यावी, अशी तरतूद आहे. तसं झालं तर जिंकूनही एक दिवस वाढत नाही, आणि सोयीची वेळ साधण्याचा मोहच संपतो. त्या तरतुदीचं मर्म इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं साधन मला माहीत नाही. एकत्र निवडणुकांच्या बाजूनं वा विरोधात बोलणाऱ्या प्रत्येकानं ही रेषा एकदा समजून घ्यावी.