तराजू एकच हवा : 'मीजानुल हक' आणि 'इजहारुल हक' यांच्या निमित्ताने

धर्मग्रंथांविषयीचा वाद आपल्या समाजात नवा नाही. नवी आहे ती त्याची पातळी. ख्रिस्ती मंडळींनी इंजीलमध्ये फेरफार केले, हे वाक्य आपल्याकडे लहान मूलही पाठ म्हणून दाखवते. फेरफार कोणी केले, केव्हा केले, कोणत्या आयतीत केले, आणि हे आपल्याला कशावरून कळले, असे उलट विचारले की मोठी माणसेही गप्प होतात. दुसऱ्या बाजूलाही फार वेगळे चित्र नाही. शुभवर्तमाने जशी लिहिली गेली तशीच अक्षरशः आपल्यापर्यंत आली, म्हणून त्यांतले सर्व काही सिद्ध झाले, असे मानणारा ख्रिस्ती प्रचारकही याच घाईत असतो. या घाईचा उगम शोधायचा तर एकोणिसाव्या शतकातील दोन ग्रंथांकडे जावे लागते. एक पाद्री फांडर यांचा 'मीजानुल हक', दुसरा मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा 'इजहारुल हक'. आज या ग्रंथांची नावे घेणारे पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे.

कार्ल गॉटलीब फांडर (1803-1865) हा जर्मन मिशनरी. बाझेलच्या मिशनमध्ये शिकून तो कॉकेशसमधील शुशा या गावी गेला आणि तिथे मुसलमानांशी चर्चा करता करता त्याने 'मीजानुल हक', म्हणजे 'सत्याचा तराजू', लिहिला. मूळ मसुदा 1829 चा आणि जर्मन भाषेतला. 1835 मध्ये तो फारसीत छापला गेला, पुढे उर्दूत आला. फांडर आग्र्याला पोचला तेव्हा त्याच्या हातात हे तयार हत्यार होते आणि पाठीशी कंपनीचे राज्य होते. ही दुसरी गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याची सत्ता जात होती त्या समाजाला, ज्याची सत्ता येत होती त्याचा धर्मगुरू सांगत होता की तुमचा धर्म तराजूत हलका पडतो.

तरीही ग्रंथ म्हणून 'मीजानुल हक' टाकाऊ नाही. त्याचे तीन भाग आहेत. बायबल रद्द झालेले नाही व बदललेलेही नाही, हे पहिल्या भागात आहे. दुसऱ्यात ख्रिस्ती सिद्धांत आहेत आणि तिसऱ्यात इस्लामची तपासणी. पहिल्या भागातील युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. कुरआन तौरात आणि इंजीलला अल्लाहने उतरवलेल्या किताबा म्हणते, त्यांची साक्ष काढते, इंजीलवाल्यांना इंजीलनुसार निवाडा करायला सांगते. मग फांडर विचारतो, बदल झाला तो हजरत मुहंमद (स.) यांच्या आधी की नंतर? आधी झाला असेल तर कुरआनने बदललेल्या किताबेची साक्ष कशी काढली? नंतर झाला म्हणावे, तर त्यांच्या आधीची हस्तलिखिते आजही आहेत आणि त्यांतला मजकूर तोच आहे. या प्रश्नाला आरडाओरडा हे उत्तर होऊ शकत नाही.

तिसऱ्या भागात मात्र फांडरचा तराजू बदलतो. बायबलमधील विसंगतीला तो नक्कल करणाऱ्याची चूक म्हणतो, कुरआनमधील अवघड स्थळाला दोष म्हणतो. प्राचीन नबींच्या हातून झालेली युद्धे त्याला ईश्वरी योजना वाटतात, पैगंबरांच्या काळातील युद्धे तलवारीचा धर्म वाटतात. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर माप घेणारे आणि देताना कमी देणारे यांची निर्भर्त्सना आहे. 'सत्याचा तराजू' असे नाव धारण करणाऱ्या ग्रंथाला नेमकी तीच लागू पडावी, हे विलक्षण आहे.

10 आणि 11 एप्रिल 1854 रोजी आग्र्यात जाहीर मुनाजरा झाला. फांडरसोबत थॉमस व्हॅल्पी फ्रेंच होते. ते पुढे लाहोरचे पहिले बिशप झाले. समोर मौलाना रहमतुल्लाह आणि त्यांच्या जोडीला आग्र्याच्या इस्पितळातील डॉक्टर मुहंमद वजीर खान. नस्ख, तहरीफ, त्रैक्य, पैगंबरांची नबुव्वत आणि कुरआन असे पाच विषय ठरले होते. दोन दिवसांत पहिल्या दोहोंपुढे गाडी गेलीच नाही. फांडरची कल्पना अशी की समोरचे मौलवी जुन्या कलामच्या किताबा घेऊन येतील. ते आले युरोपातील बायबल-चिकित्सेची पुस्तके घेऊन. वजीर खान यांना इंग्रजी येत होते. ख्रिस्ती विद्वानांनी स्वतःच नोंदवलेले पाठभेद त्यांनी एकेक करून पुढे ठेवले. नक्कल करताना चुका झाल्या आहेत आणि काही वचने नंतर शिरली आहेत, हे फांडरला कबूल करावे लागले. मात्र मूळ शिकवणीला त्याने धक्का लागत नाही, या मुद्द्यावर तो ठाम राहिला. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला. मौलानांच्या बाजूने त्या सभेत असलेले सफदर अली व इमादुद्दीन हे दोघे पुढे ख्रिस्ती झाले, ही नोंदही इतिहासात आहे. टाळ्या कोणाला पडल्या यावरून सत्य ठरत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

1857 च्या उठावानंतर मौलाना रहमतुल्लाह मक्केला गेले. इकडे त्यांची मालमत्ता जप्त झाली. मक्केत त्यांनी मदरसा सौलतिया उभारला, 1891 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. 'इजहारुल हक' त्यांनी अरबीत लिहिला. तो 1860 च्या दशकात तुर्की सुलतानाच्या आश्रयाने इस्तंबूलहून निघाला. आपल्याकडच्या आलिमाने युरोपीय चिकित्सेचा एवढा पद्धतशीर उपयोग करण्याचे हे पहिले मोठे उदाहरण. बायबलमधील विसंगती व चुकांची त्यांची यादी शंभरांच्या वर जाते. ते शिवीगाळीवर जात नाहीत. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, वचनाचा क्रमांक देतात. ही शिस्त पुढच्या मुनाजिरांनी घेतली असती तर बरे झाले असते.

पण या ग्रंथातही एक भगदाड आहे आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले. जर्मन पंडित श्ट्राउस याचे येशूचरित्र 1835 चे. शुभवर्तमानांतील चमत्कारकथा म्हणजे श्रद्धेतून निर्माण झालेल्या पुराणकथा, असे त्याचे म्हणणे. ही चिकित्सा उसनी घेऊन फांडरवर फेकणे सोपे होते. परंतु श्ट्राउसची तीच सुरी कुमारी मरियमच्या पोटी झालेल्या जन्मावरही चालते, आजाऱ्यांना बरे करण्यावरही चालते, आणि हजरत ईसा (अ.) यांच्याबाबत या दोन्ही गोष्टी कुरआन सांगते. शेजाऱ्याच्या घराला लावलेली आग आपल्या भिंतीपाशी येऊन आपोआप विझेल, असे गृहीत धरून चालत नाही. चिकित्सेची पद्धत स्वीकारायची तर ती पूर्ण स्वीकारावी लागते, नाहीतर तिचे निष्कर्ष आपल्या सोयीने वापरू नयेत.

मौलानांचा सर्वांत वजनदार मुद्दा सनदीचा आहे. हदीसला सांगणाऱ्यांची साखळी असते, प्रत्येकाचे नाव, चारित्र्य व स्मरणशक्ती तपासलेली असते. शुभवर्तमानांना अशी अखंड सनद नाही. हे खरे आहे. मत्तय, मार्क, लूक व योहान ही नावे परंपरेने दिलेली आहेत, मजकुरात लेखक स्वतःचे नाव सांगत नाही. पण ख्रिस्ती बचाव इथेच संपत नाही. मार्कचे शुभवर्तमान साधारणतः इ.स. 70 च्या आसपासचे मानले जाते, म्हणजे घटनांनंतर सुमारे चाळीस वर्षांचे. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सोपवले त्याचा कसून शोध घेऊन लिहीत आहे, असे लूक आरंभीच सांगतो. करिंथकरांस लिहिलेले पौलाचे पहिले पत्र त्याहून जुने, इ.स. 55 च्या सुमाराचे. त्यात तो आपल्याला मिळालेली परंपरा पुढे देत असल्याचे सांगून साक्षीदारांची नावे मोजतो. सनद नाही, पण सनदीची जाणीव निश्चित आहे. रिचर्ड बॉकहॅम या अभ्यासकाने 2006 मधील आपल्या ग्रंथात अशाच खुणा गोळा केल्या. क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन हा आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप, असे मार्क सहज सांगून जातो. कथेला या मुलांचा काहीच उपयोग नाही. वाचकांना ती मुले ठाऊक असतील, म्हणूनच ती नावे आली असावीत, हा तर्क सहज झटकण्यासारखा नाही. ज्यांना अस्माउर्रिजालची परंपरा ठाऊक आहे त्यांना तर त्याचे मोल अधिक कळायला हवे.

आता 1854 नंतर हाती आलेला पुरावा पाहू. सीनाय पर्वताजवळच्या मठातील चौथ्या शतकाचे हस्तलिखित टिशेनडॉर्फ याने 1859 मध्ये जगापुढे आणले. 1935 मध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा पत्त्याएवढा एक तुकडा प्रसिद्ध झाला. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयातील हा तुकडा सामान्यतः दुसऱ्या शतकातला धरला जातो. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते आज पाच हजारांहून अधिक ज्ञात आहेत. म्हणजे इस्लामच्या उदयाच्या कितीतरी आधी हा मजकूर दूरदूर पसरलेला होता. कोणी एका परिषदेत बसून सगळ्या प्रती बदलल्या, ही आपल्याकडची लाडकी कथा या पुराव्यापुढे टिकत नाही. इथे फांडर बरोबर होता.

पण हाच पुरावा मौलानांनाही दाद देतो. त्रैक्याचा सरळ उल्लेख असलेले योहानाच्या पहिल्या पत्रातील वचन (5:7) जुन्या ग्रीक प्रतींत नाही. इरॅस्मसने 1516 च्या छापील आवृत्तीत ते घेतले नव्हते, 1522 मध्ये घेतले. मार्कच्या शेवटची बारा वचने आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातील कथा सीनायच्या हस्तलिखितात नाहीत. आजच्या बायबल आवृत्त्या हे स्वतःच कंस टाकून वा तळटिपेत सांगतात. आग्र्यात जी गोष्ट कबूल करताना फांडरला घाम फुटला, ती आता ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात असते. आणि त्यामुळे ख्रिस्ती धर्म बुडाला नाही. हेही आपण पाहायला हवे.

खरा घोळ वेगळा आहे. इथे तीन प्रश्न आहेत आणि दोन्ही ग्रंथ ते एकमेकांत मिसळतात. मजकूर जसा लिहिला गेला तसा पोचला काय, हा पहिला. लिहिलेले घडले काय, हा दुसरा. घडलेल्याचा अर्थ काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर 'बव्हंशी होय' आले म्हणून दुसऱ्याचे होय ठरत नाही. लूक येशूचा जन्म क्विरिनियसच्या नावनोंदणीशी जोडतो. ती नोंदणी इ.स. 6 ची, आणि मत्तय ज्या हेरोदाच्या काळात जन्म सांगतो तो सर्वसाधारण मतानुसार इ.स.पू. 4 मध्येच वारला होता. बचावकर्त्यांनी यावर अनेक तोडगे सुचवले, समाधानकारक एकही नाही. उलट पेत्राने आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून सांगणे, शिष्यांनी पळून जाणे, रिकाम्या कबरीची पहिली साक्ष त्या काळी जिची साक्ष हलकी मानली जाई त्या स्त्रियांनी देणे, या गोष्टी कोणी आपल्या पंथाची शोभा वाढवायला रचणार नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायला इतिहासकाराला कारण आहे.

आता सर्वांत नाजूक जागा. हजरत ईसा (अ.) यांना क्रूसावर दिले गेले नाही, लोकांना तसा भास झाला, असे सूरह निसामध्ये आहे. इतिहासाची साधने मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. ख्रिस्ती नसलेला, किंबहुना ख्रिस्त्यांचा तिरस्कार करणारा रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116 च्या सुमारास पिलाताच्या हुकुमाने झालेल्या देहदंडाची नोंद करतो. आपल्या पुस्तिकांतून या जागी क्रूसाविरुद्ध 'ऐतिहासिक पुरावे' दिले जातात. ते पुरावे कच्चे आहेत. आपली श्रद्धा वहीवर आहे. ती श्रद्धा म्हणून ताठ मानेने सांगावी, तिला इतिहासाचा उसना सदरा चढवू नये. हाच न्याय ख्रिस्ती बांधवांनाही आहे. क्रूसावरचा मृत्यू इतिहासाच्या कक्षेत येतो. पुनरुत्थान आणि देवाचा पुत्र असणे त्या कक्षेत येत नाही. त्याचे दार श्रद्धेनेच उघडते, हस्तलिखितांच्या संख्येने उघडत नाही.

या वादात तिसरी वाट दाखवणारा एक माणूस होऊन गेला. सर सय्यद अहमद खान यांनी 1862 मध्ये 'तब्यीनुल कलाम' या नावाने बायबलवर भाष्य लिहायला घेतले. एका मुसलमानाने बायबल खोटे पाडण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी वाचले. तहरीफ ही मुख्यतः अर्थाची असते, शब्दांची नव्हे, असे त्यांचे मत होते आणि त्याला आपल्या जुन्या आलिमांचा आधार होता. ते भोळे नव्हते. विल्यम म्यूर यांच्या पैगंबरचरित्राला त्यांनी 1870 मध्ये तितकेच अभ्यासपूर्ण उत्तर दिले. पण ते भाष्य अपुरेच राहिले. पुढे चालली ती मुनाजऱ्याची वाट. दक्षिण आफ्रिकेत वाढलेले, मूळचे सुरतेकडचे अहमद दीदात यांनी तरुणपणी 'इजहारुल हक' वाचला आणि त्यातून आपली शैली घडवली. 1986 मधील स्वॅगर्टबरोबरच्या त्यांच्या वादाच्या कॅसेटी जगभर फिरल्या. मौलानांचा अभ्यास मागे पडला, टाळ्या तेवढ्या उरल्या.

मराठी मुसलमानाला याचे काय? मराठीत ख्रिस्ती साहित्याची परंपरा फादर स्टीफन्सच्या 1616 च्या 'ख्रिस्तपुराणा'पासून आहे. शुभवर्तमाने साध्या मराठीत सहज मिळतात. तरी आपल्यापैकी किती जणांनी मार्कचे शुभवर्तमान एका बैठकीत वाचले आहे? ते काही तासांचे काम आहे. दुसऱ्याच्या किताबेविषयीचे आपले ज्ञान त्याच्या विरोधकांच्या पुस्तिकांतून आले असेल, तर आपल्या किताबेविषयी इतरांनी तसेच केले म्हणून तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. कुरआनची तोडलेली वाक्ये चिकटवून काढलेली पत्रके आपण पाहिली आहेत. त्यांनी होणारी जखम आपल्याला ठाऊक आहे. ती दुसऱ्याला करू नये.

कुरआनच्या प्राचीन पानांचा अभ्यासही आता जोरात चालू आहे. सनाच्या मशिदीत 1972 मध्ये सापडलेली पाने, बर्मिंगहॅमच्या दोन पानांच्या चर्मपत्राचा 2015 मध्ये जाहीर झालेला इ.स. 568 ते 645 हा काळ, यांवर पुढेही लिहिले जाईल. काही निष्कर्ष आपल्याला सुखावतील, काही अस्वस्थ करतील. त्या वेळी आपण कोणता तराजू काढणार, हे आज इंजील कशी वाचतो यावर ठरणार आहे. फांडरने तराजू हे नाव दिले आणि पारड्यात हात घातला. मौलानांनी ते पकडले, पण त्यांच्याही पारड्याखाली थोडा खडा राहिला. आपण निदान माप तरी एकच ठेवू.