कळावे

मी कॉमर्सचा पदवीधर आहे हे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण माझं पत्र हाती पडलं की लोकांना ते आपोआप समजतं. लग्न ठरल्यावर हिला पहिलं पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'आपले दिनांक ४ चे पत्र पावले, मजकुराची नोंद घेतली' अशी होती. ते पत्र हिने अजून जपून ठेवलं आहे. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

असा माझा लौकिक असल्यामुळे गावातल्या कॉलेजने मला गेल्या पावसाळ्यात बोलावलं. विषय 'बँकेतील पत्रव्यवहार'. श्रोते एफ.वाय.बी.कॉम.ची मुलं. तयारी हवी म्हणून शेजारच्या बंडूकडून बिझनेस कम्युनिकेशनचं गाइड मागून आणलं आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी पास होण्यासाठी वाचलं होतं, म्हणजे वाचलं नव्हतं. या वेळी एखादी कादंबरी वाचावी तसं वाचलं आणि थक्क झालो.

मंडळी, काय ते विश्व! त्यात सगळ्या दुकानांची नावं एबीसी आणि एक्सवायझेड. प्रत्येक दुकानदार दुसऱ्याकडून काचसामान मागवतो आणि ते काचसामान आजवर एकदाही धड पोचलेलं नाही. मग तक्रारीचं पत्र. मग दिलगिरीचं पत्र. दिलगिरी इतकी सुंदर, की वाचणाऱ्याला वाटावं, बशा फुटल्या हे बरंच झालं.

त्यानंतर येतं वसुलीच्या पत्रांचं चार अंकी नाटक. पहिल्या पत्रात 'आपल्या नजरेतून निसटलं असावं' अशी लाडीगोडी, दुसऱ्यात आठवण, तिसऱ्यात जुन्या संबंधांची आळवणी आणि चौथ्यात वकील. आमचा वाणी हेच काम एका वाक्यात करतो. "काय साहेब, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?" एवढंच म्हणतो, आणि माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो. पण त्याला परीक्षेत शून्य मिळेल. कारण त्यात विषय नाही, संदर्भ नाही आणि खाली 'युवर्स फेथफुली' नाही.

भाषेबद्दल काय सांगावं! आमच्या वेळच्या पुस्तकात 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे गेला महिना आणि 'प्रॉक्सिमो' म्हणजे पुढचा, हे पाठ करावं लागे. 'जुलै' म्हणायला तिघांनाही लाज वाटत असावी. लेटरहेडवर तारेचा पत्ता असे. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. बंडूच्या गाइडात आता ई-मेलचं प्रकरण आहे. पण आत पाहिलं तर तेच जुनं पत्र, फक्त तिकीट न लावलेलं.

गंमत अशी, की ही भाषा ज्यांच्याकडून आली त्यांनाच तिचा आधी कंटाळा आला. सरकारी नोकरांनी साधं लिहावं म्हणून ब्रिटिश अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांना पुस्तक लिहायला सांगितलं. 'प्लेन वर्ड्स' हे ते पुस्तक १९४८ साली आलं. म्हणजे साहेब इथून गेला आणि वर्षभरात साधं लिहायला शिकू लागला; जाताना त्याने ठेवलेला अंगरखा आम्ही अजून इस्त्री करून घालतो आहोत.

गाइडात पत्राचे सात गुण दिले आहेत. इंग्रजीत सातही 'सी'वरून सुरू होतात. पत्र स्पष्ट हवं, थोडक्यात हवं, नेमकं हवं, सौजन्याचं हवं वगैरे. सगळं खरं आहे. पण हे सात गुण सांगायला त्या लेखकाने अकरा पानं घेतली आहेत, आणि त्यांतला दुसरा गुण 'थोडक्यात' हा आहे!

इथपर्यंत मी मजेत होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक गोष्ट टोचू लागली. या पुस्तकात सगळे आहेत: पाठवणारा आहे, माल आहे, समास सोडण्याचे तीन प्रकार आहेत. फक्त पत्र उघडून वाचणारा माणूस कुठेच नाही. आणि मला काकू आठवल्या.

महिन्यापूर्वी आमच्या शाखेत एक पत्र आलं होतं. वहीचं रेघांचं पान, अक्षर गोल. 'आमचे हे १२ तारखेला गेले. खात्याला माझे नाव नॉमिनी म्हणून आहे. पैसे मिळण्यासाठी मी काय काय आणू? कळावे.' बस्स, एवढंच.

उत्तर मी तयार केलं. कॉम्प्युटरमध्ये एक तयार मसुदा आहे. तीन मॅनेजर बदलले, तो बदललेला नाही. 'आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, विषयांकित दावा विचारात घेणे शक्य व्हावे यासाठी प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक ती कागदपत्रे सादर करून योग्य ती कार्यवाही करावी.' हे सगळं अर्थात इंग्रजीत. सुरुवातीला 'डिअर सर ऑर मॅडम', आणि त्यातलं एक खोडायचं राहून गेलेलं. साहेबांनी सही केली. छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि इथली भाषा अशा तिन्हींत असावेत अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. पत्रं आम्ही चौथ्या भाषेत लिहितो.

चार दिवसांनी काकू ते पत्र घेऊन काउंटरवर आल्या. म्हणाल्या, "शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं हो. तो म्हणाला, बँकेने छान लिहिलंय. पण काय आणायचं ते दिसत नाही. दुसरं पान राहिलंय का?"

दुसरं पान नव्हतंच. नॉमिनी असला की क्लेमचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर काम होतं. कोर्टाचा वारस दाखला मागायचा नसतो. हे मला झोपेतही सांगता येतं. लिहिता मात्र आलं नव्हतं. दोन रिक्षा बदलून त्या आल्या होत्या, आणि दाखला घरी राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सात गुण बाजूला ठेवले. नावं झाकून ते बँकेचं पत्र फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "कसं आहे?"

पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सर, एक नंबर! परीक्षेत दहापैकी आठ."

"दोन कुठे गेले?"

"सर-मॅडममधलं एक खोडलं नाही, सर."

मग मी काकूंचं पत्र खाली लिहिलं. वर्ग हसला. मी सांगितलं, "हिला उत्तर द्या. ती परवा रिक्षाने येणार आहे."

हसणं थांबलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने सर्वांत आधी कागद आणून दिला. मराठीत होता. 'काकू, काका गेल्याचे वाचून वाईट वाटले. येताना तीन गोष्टी आणा.' खाली एक, दोन, तीन. मग 'फॉर्म आम्ही इथे भरून देऊ. सकाळी या, गर्दी कमी असते. कळावे.'

तिचे प्राध्यापक शेजारी बसले होते. त्यांनी कागद पाहिला, चांगलं आहे म्हणाले, आणि सवयीने लाल पेनने वर लिहिलं, 'विषय? संदर्भ क्रमांक?' त्यांना मी काय बोलणार? त्यांनी माझ्यासारखीच दोन पिढ्यांची पोरं पास केली आहेत.

मी मात्र तो 'कळावे' पाहत राहिलो. आपल्या आज्या-पणज्या प्रत्येक पत्राखाली हा शब्द लिहीत आल्या. सातही गुण त्या एका शब्दात होते, आणि आम्ही तो जुनाट म्हणून टाकून दिला.

कॉलेजने शाल आणि श्रीफळ दिलं. बँकेत जाऊन मी मुलीच्या पत्रावरून नवा मसुदा टाइप केला. साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "अहो, हे फारच कळतंय. ऑडिटला चालेल ना?"

चालवून घेतलं. पण 'संदर्भ क्रमांक' त्यांनी घातलाच.