कवटीचे मापन आणि प्रश्नाची रचना

व्यक्तिगत पूर्वग्रह वैज्ञानिक तर्कात शिरतो, तो बहुधा प्रश्नाची रचना होत असतानाच. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक असे होते, की श्वेतवर्णीय युरोपीयांच्या कवटीत डाव्या-उजव्या बाजूंची असमानता अधिक असते आणि ती बुद्धिश्रेष्ठतेची खूण होय. येथे श्रेष्ठता मापनाआधीच गृहीत धरलेली आहे. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांना प्रत्यक्ष मापनात असा वांशिक भेद आढळला नाही. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी तसे नोंदविले. तथापि या नकाराची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. फिशर यांचे उत्तर निराधार ठरले. शरीराच्या मापांवरून समूह ओळखण्याची पद्धती मात्र टिकली, आणि भारतात परतल्यावर कर्वे यांनी ती जातींच्या अभ्यासात वापरली. ‘युगान्त’ (१९६७) मध्ये महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहताना त्या मूळ प्रश्नच बदलतात. तौलनिक साहित्याभ्यासाला हा भेद महत्त्वाचा आहे. एका साहित्याचे निकष आरंभीच मानदंड मानले, तर पुरावा कितीही काटेकोर असला तरी तुलना पूर्वनिर्णयाचे समर्थनच करीत राहते.