सुवर्णकमळ आणि ‘देऊळ’

पारितोषिकांचा मोसम आला की चित्रपटांविषयी बोलणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. चित्रपट पाहिलेल्यांची संख्या मात्र होती तेवढीच राहते. मार्च महिन्यात ऑस्करची चर्चा, मग केव्हातरी राष्ट्रीय पुरस्कारांची यादी, तिच्या मागेपुढे राज्य शासनाचे पुरस्कार आणि नियतकालिकांचे सोहळे. नृसिंहवाडीसारख्या क्षेत्राच्या गावीही हे वारे पोहोचते. पेढ्यांच्या आणि बासुंदीच्या दुकानांपुढे, घाटाच्या पायऱ्यांवर, कुरुंदवाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या तरुणांत आम्ही ही बोलणी अनेकदा ऐकली आहेत. त्यांत दोनच प्रश्न हटकून विचारले जातात: किती कोटी जमवले, आणि कोणते पारितोषिक मिळाले? पडद्यावर काय पाहिले, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वर्तमानपत्रातून मिळतात. तिसऱ्याचे ज्याचे त्याने द्यावे लागते, हे त्याचे कारण असावे.

तो तिसरा प्रश्न एका विशिष्ट चित्रपटाला लावून पाहावा, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाला. 1953 च्या ‘श्यामची आई’ला पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. त्यानंतर तब्बल अर्धे शतक वाट पाहावी लागली आणि 2003 सालच्या पुरस्कारांत ‘श्वास’ आला. मग 2011 चा ‘देऊळ’, 2014 चा ‘कोर्ट’ आणि 2016 चा ‘कासव’. या पाचांपैकी ‘देऊळ’ हाच दत्ताच्या नावाभोवती रचलेला आहे. दत्ताच्या राजधानीत बसून त्याविषयी लिहिताना थोडी जोखीम आहे. परंतु ती घेतल्यावाचून या चित्रपटाविषयी खरे काही लिहिता येईल असे आम्हांस वाटत नाही.

उमेश कुलकर्णी दिग्दर्शक, गिरीश कुलकर्णी लेखक आणि प्रमुख अभिनेते. ‘वळू’ आणि ‘विहीर’ यांनंतर या जोडीने केलेला हा चित्रपट 4 नोव्हेंबर 2011 रोजी प्रदर्शित झाला. कथा सांगायला सोपी आहे. मंगरूळ नावाच्या आडगावातील केशा हा भोळा तरुण आपल्या करडी नावाच्या गाईला शोधीत माळावर जातो, झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्तदर्शन होते. तो गावभर ओरडत सुटतो. गावातील अण्णा हे विद्वान, वयोवृद्ध गृहस्थ त्याला सांगतात की झाले ते तुझ्यापुरते जपून ठेव. परंतु बातमी फुटते, छापली जाते, तरुण कार्यकर्ते ती उचलून धरतात आणि रुग्णालयाच्या जागी देवळाचा घाट घातला जातो. देऊळ उभे राहते, दुकाने येतात, पैसा येतो, गाव ओळखू येईनासे होते. अण्णा गाव सोडतात. अखेर केशा आपल्या देवाला त्या गर्दीतून उचलून नेतो आणि पाण्यात सोडतो. गाव दुसरी मूर्ती बसवून पुढे चालू लागते.

या कथेचे सर्वांत मोठे बळ केशात नसून भाऊंमध्ये आहे, असे आमचे मत आहे. नाना पाटेकरांनी रंगवलेले हे पुढारी प्रारंभी देवळाच्या विरुद्ध आहेत. त्यांना रुग्णालय हवे आहे. अण्णांनी त्याचा आराखडाही करून ठेवला आहे. एखाद्या सामान्य लेखकाने येथे कपटी राजकारणी उभा केला असता आणि प्रेक्षकाला सोयीचा शत्रू मिळवून दिला असता. भाऊ तसे नाहीत. ते समंजस आहेत, विनोदी आहेत, गावाचे भले त्यांना कळते. वारा फिरला हे ध्यानात येताच ते वाऱ्याबरोबर फिरतात, आणि तेही इतक्या सहजपणे की आपण हसत हसत त्यांच्यासोबत अर्धे अंतर चालून गेलेलो असतो. वाईट माणसाने वाईट करण्यात नाट्य कमीच. चांगले काय हे ठाऊक असलेल्या माणसाने त्याकडे पाठ फिरवावी आणि पाठ फिरवतानाही त्याचा चेहरा प्रसन्नच असावा, हे पाहताना अंगावर काटा येतो. सार्वजनिक कार्यात, संस्थांत आणि समित्यांत ज्यांनी काही वर्षे घालवली आहेत, धर्मसंस्थाही त्यांतून वगळू नयेत, त्यांना भाऊ अनोळखी वाटणार नाहीत.

गिरीश कुलकर्णींना या चित्रपटासाठी अभिनयाचे आणि संवादांचे अशी दोन राष्ट्रीय पारितोषिके मिळाली. संवादांचे अधिक योग्य होते. गावातली टवाळ पोरे एकमेकांशी बोलतात तेव्हा वाक्ये पुरी होत नाहीत, कोणी कोणाचे ऐकत नाही, तरी निर्णय होऊन जातो. ग्रामीण मराठी म्हणजे चार शिव्या आणि हेल असा आमच्या चित्रपटांचा जुना समज होता. येथे ती भाषा विचार करते, आणि पुष्कळदा अविचारही करते. दिलीप प्रभावळकरांचे अण्णा मात्र आम्हांस काहीसे एकसुरी वाटले. शहाणपणाचा सारा भार एकाच पात्रावर टाकला की ते पात्र माणूस न राहता लेखकाचा प्रतिनिधी होते. उत्तरार्धात भजनांचा गोंगाट, फलक, प्रसादाचे स्टॉल यांची जी माळ लागते तिच्यातही काटछाट चालली असती. मुद्दा दहा मिनिटांत पटलेला असतो. पुढची मिनिटे तो पटवून घेण्यात जातात.

येथील एका पेढेवाल्या गृहस्थांशी आमचे या चित्रपटावर बोलणे झाले होते. त्यांचे म्हणणे रोखठोक होते: “फादर, देवळामुळे पोट भरते त्यात पाप काय? दवाखाना काढायलासुद्धा गावात पैसा लागतोच की.” हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. नगर वा पुण्याच्या चित्रपटगृहात बसून मंगरूळच्या दुकानदारांना हसणे सोपे आहे. ज्या गावाची चूल पौर्णिमेच्या आणि गुरुवारच्या गर्दीवर पेटते तेथे ते हसू घशात अडकते. चित्रपटाने या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. देऊळ झाल्यावर गावात कोणाकोणाच्या घरी प्रथमच दोन पैसे आले, हे तो दाखवतो, पण उपहासाच्या सुरातच. त्या पैशाकडे क्षणभर आदराने पाहिले असते तर केशाचे शेवटचे कृत्य अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोठे ठरले असते.

वाडीचा संदर्भ आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. येथील देवळात मूर्ती नाही. नृसिंहसरस्वतींच्या पादुका आहेत. देवळाला शिखर नाही. ते विजापूरच्या आदिलशहाने बांधले अशी परंपरा सांगतात. पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगल्या की पाणी गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक धावतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत हेच पाणी सोहळा न राहता संकट झाले आणि सारे देऊळच पाण्याखाली गेले, हेही येथील माणूस विसरलेला नाही. ‘देऊळ’मधील केशाला देव वाचवण्यासाठी तो पाण्यापर्यंत वाहून न्यावा लागतो. येथे पाणीच चालत देवापर्यंत येते. दुकाने, फलक, रांगा यांना न जुमानता येते. ज्याने हा सोहळा पाहिला आहे त्याला चित्रपटाचा शेवट वेगळा दिसतो. शहरातील समीक्षकांनी त्याला निराशेचा शेवट म्हटले तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु पाण्यात सोडलेला देव म्हणजे हरवलेला देव, हे समीकरण कृष्णाकाठच्या माणसाला तितकेसे पटत नाही.

आता पारितोषिकाकडे वळू. ‘देऊळ’ला सुवर्णकमळ जाहीर झाले ते मार्च 2012 मध्ये, म्हणजे चित्रपट येऊन चार महिने लोटल्यावर. एव्हाना तो बहुतेक चित्रपटगृहांतून उतरला होता. जाहीर होईपर्यंत त्याविषयी मतभेद होते: कोणाला तो देवाची चेष्टा करणारा वाटला, कोणाला लांबलेला, कोणाला अपूर्व. सुवर्णकमळ आले आणि भिन्न मते गप्प झाली. ज्यांना तो खटकला होता त्यांनी आपली रुचीच कमी असावी असे मानून घेतले, आणि ज्यांना आवडला होता त्यांना का आवडला हे सांगण्याची गरज उरली नाही. पारितोषिकाने चित्रपट मोठा होतो की नाही हे सांगता येत नाही, पण त्याच्याभोवतीचे संभाषण लहान होते, हा आमचा अनुभव आहे. केशाच्या दर्शनाचे गावाने जे केले, नेमके तेच ‘देऊळ’चे आपण केले: एकाने पाहिलेल्या गोष्टीवर शिखर चढवले आणि पुन्हा आत डोकावायचे राहून गेले.

याहून ठळक उदाहरण ‘श्वास’चे. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी जग दाखवून आणणाऱ्या आजोबांची ही साधी गोष्ट. संदीप सावंत यांनी ती संयमाने सांगितली आणि अरुण नलावडे यांनी आजोबा जिवंत केले. 2004 मध्ये ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली आणि तेथील प्रचारासाठी पैसा उभा करण्याची मोहीम निघाली. शासनापासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. तो उत्साह निर्मळ होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु अंतिम नामांकनात चित्रपट आला नाही, तेव्हा सर्वत्र एखादी निवडणूक हरल्याची कळा पसरली. जणू आजोबा-नातवाची ती दुपार कोणी खोटी ठरवली होती! पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ 2009 मध्ये आणि ‘कोर्ट’ 2015 मध्ये त्याच वाटेने गेले. तोवर आपण थोडे सावरलो होतो.

पाहण्याची रीत बदलली तिचाही विचार येथे करावा लागेल. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि 1929 मध्ये ‘प्रभात’चा जन्म झाला, त्या जिल्ह्यात चित्रपट ही एकत्र बसून पाहण्याची गोष्ट होती. जत्रेतल्या तंबूतही ती तशीच होती. 1936 चा ‘संत तुकाराम’ पाहताना लोक हात जोडीत असे सांगितले जाते, आणि त्याच चित्रपटाचा पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही गौरव झाला. 2020 च्या टाळेबंदीनंतर ही सवय झपाट्याने ओसरली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला 2020 मध्ये व्हेनिस येथे पटकथेचे पारितोषिक मिळाले, बहुसंख्य मराठी प्रेक्षकांनी तो पुढच्या वर्षी आपापल्या घरी, लहान पडद्यावर पाहिला. त्या चित्रपटाचे त्यात फारसे बिघडले नाही, कारण तो एकट्या माणसाविषयीच आहे. ‘देऊळ’चे मात्र बिघडते. भरलेल्या चित्रपटगृहात एखाद्या विनोदावर तीनशे माणसे हसतात आणि पुढल्याच प्रसंगी आपणच त्या गर्दीत आहोत हे त्यांना उमगते. तो हशा जिथे थांबतो तिथे चित्रपट खऱ्या अर्थाने सुरू होतो. मोबाइलवर एकट्याने पाहणाऱ्याला हे घडत नाही. त्याला फक्त दुसऱ्यांची फजिती दिसते.

पारितोषिकांवाचून चित्रपटांचा मान राखता येतो का? 1995 मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क विभागाने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन शीर्षकांखाली प्रत्येकी पंधरा. क्रमांक नाहीत, विजेता नाही. ‘बायसिकल थीव्ह्ज’ तीत आहे, बर्गमनचे दोन चित्रपट आहेत, आणि धर्माशी उघड संबंध नसलेला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ही आहे. पाहावे आणि बोलावे, एवढेच तिचे मागणे. ही पद्धत आम्हांस अधिक रुचते. तरी तिलाही आंधळा कोपरा आहेच: ‘गांधी’ तीत आहे, पण तो एका इंग्रज दिग्दर्शकाचा. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही; सत्यजित रायसुद्धा नाहीत. यादी करणाऱ्यांच्या पुढ्यात जे आले त्यातूनच त्यांनी निवडले, हे उघड आहे. सुवर्णकमळे देणाऱ्यांचेही याहून वेगळे नसते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायची राहिली. 2011 सालचे सुवर्णकमळ ‘देऊळ’ला एकट्याला मिळाले नव्हते. सुवीरन यांच्या ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर ते विभागून देण्यात आले. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील मुस्लिम समाजाच्या ब्यारी भाषेतील तो पहिला चित्रपट. एका मुलीचे कोवळ्या वयातील लग्न आणि घटस्फोट हा त्याचा विषय. कर्नाटकाची सीमा नृसिंहवाडीपासून फार लांब नाही. तरीही ‘देऊळ’वर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी ‘ब्यारी’ पाहिलेला एकही माणूस आम्हांस या टापूत आजवर भेटला नाही. आपल्या वाचकांपैकी, विशेषतः मंगळूर-उडुपीकडे ज्यांचे नातलग आहेत त्यांच्यापैकी, कोणी तो पाहिला असल्यास त्यांनी या पानांसाठी अवश्य लिहावे. त्याला पारितोषिक मिळाले हे आम्हांस ठाऊक आहेच. त्यात काय आहे, तेवढे कळवावे.