सीमा, निमित्ते आणि वस्तीचा नकाशा

वस्तीतील रहिवाशांनी एकत्र बसून आपल्या परिसराचा नकाशा स्वतः काढावा आणि त्यात मोजमापापेक्षा स्मृतीला अग्रस्थान द्यावे, या कल्पनेचे एक सुपरिचित रूप म्हणजे इंग्लंडमधील 'पॅरिश मॅप' होय. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉमन ग्राउंड' या संस्थेने त्याच दशकात हा उपक्रम हाती घेतला. पुढे अनेक गावांनी चित्रे, भरतकाम, विणकाम अशा माध्यमांतून आपापले नकाशे सिद्ध केले. आपल्या परिसरात मोलाचे काय, हे तज्ज्ञांनी नव्हे तर तेथील लोकांनी ठरवावे, हे त्यामागील तत्त्व आम्हांस सर्वथा ग्राह्य वाटते. आमचा आक्षेप आहे तो त्यातून रूढ झालेल्या शैलीवर. चर्च, जुना पूल, ओढा, पक्षी आणि रानफुले यांच्या चौकटीत गाव बहुधा एकदिलाने नांदताना दिसते. कोण कोणाच्या जमिनीवर राबला आणि कोणाला गाव सोडावे लागले, याला तेथे क्वचितच जागा मिळते.

हीच शैली मुंबईच्या परळ-नायगाव-वरळी पट्ट्यास लावली तर गिरणीची चिमणी, खानावळी, भजनी मंडळे आणि उत्सव एवढे सहज चितारले जाईल. परंतु त्याच चिमणीखाली कापडखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, तेव्हा विटाळाचे कारण पुढे करण्यात येई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. गिरणी एका चिमणीने दाखविणारा नकाशा खोटा नसतो. तथापि तिच्या आतील ही रेषा त्याला दिसत नाही. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या मौखिक कथनांतून सिद्ध केलेला गिरणगावाचा इतिहास (इंग्रजी आवृत्ती २००४) या बाबतीत कोणत्याही शोभिवंत नकाशापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण तेथे अनेक कंठ एकमेकांशेजारी उभे राहतात.

आपल्या बाजूचे नकाशेही निर्दोष नाहीत. पोयबावडीची बी. आय. टी. चाळ, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा जेथून कार्य करू लागली ते दामोदर हॉल, राजगृह, चैत्यभूमी ही स्थळे हवीतच. परंतु एवढ्यावर थांबल्यास वस्तीचा नकाशा राहत नाही, यात्रेचा मार्ग तयार होतो. जानेवारी १९७४ च्या वरळी दंगलीत कोणत्या जिन्यावर दगड जमले, कोणत्या खोलीत बायकामुलांना आसरा मिळाला, हे तेथील रहिवाशांखेरीज कोण दाखविणार?

येथे विनयपिटकाकडे वळणे आम्हांस आवश्यक वाटते. महावग्गाच्या उपोसथक्खंधकात सीमा निश्चित करण्याचा विधी आहे. प्रथम निमित्ते, म्हणजे खुणा, सांगावयाच्या : पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी आणि जल. मग संघापुढे ञत्ती मांडावयाची आणि संमती घ्यावयाची. यात राजाची मोजणी नाही की पाटलाचा शब्द नाही. परिसरातील खुणा सर्वांसमक्ष उच्चारून मान्य केल्या जातात. सीमेचा हेतूही लक्षणीय आहे. तिच्या आतील सर्वांनी एकत्र उपोसथ करावा, यासाठी ती आहे. गावकुसाचा हेतू याच्या नेमका उलट होता. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, आणि ती शीव जाणणाऱ्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे.

अर्थात विनयातील विधी भिक्खुसंघाचा आहे. तो वस्तीस जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यात मौन हीच संमती समजली जाते. चाळीच्या सभेत मागे बसलेल्या स्त्रीचे मौन मात्र संमतीचे असेलच असे नाही, म्हणून नकाशा काढणाऱ्यांनी तिच्या दारी जाऊन तिची निमित्ते विचारली पाहिजेत. ती बहुधा नळाची जागा सांगेल, पाळणाघर सांगेल, वर्षावासात ग्रंथवाचन चाले ती खोली सांगेल. एकाच खुणेविषयी दोन मते निघाली तर दोन्ही नोंदवावीत. नकाशा त्यामुळे बिघडणार नाही.

हे काम आता लांबविता येण्यासारखे नाही. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बी. डी. डी. चाळी पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथे नव्या इमारतींतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यात आल्या. ५०० चौरस फुटांचे घर हा त्यांचा हक्क आहे, आणि जुन्या भिंतींसाठी उसासे टाकणाऱ्या अभ्यासकांशी आम्ही सहमत नाही. विनयात मात्र बांधलेली सीमा उठविण्याचाही विधी सांगितला आहे, आणि तोही संघासमक्षच करावयाचा असतो. चाळीचे रहिवासी नव्या मजल्यांवर विखुरण्यापूर्वी, शेजारी अजून शेजारीच आहेत तोवर, त्यांना एका कागदाभोवती बसविता येईल. नायगावच्या काही चाळींत ते अद्याप शक्य आहे.