शिकारीच्या फोटोत कडेला कोण उभं आहे?

शिकारीचे जुने फोटो एका साच्यातले असतात. मधोमध साहेब किंवा महाराज, हातात बंदूक, पायाशी मेलेला वाघ. कडेला चार-दोन माणसं. त्यांतल्या एखाद्याचा खांदा चौकटीबाहेर गेलेला. हे फोटो आपण शौर्याचे म्हणून पाहतो, पण मला ते श्रेयाच्या वाटणीचे वाटतात. मधे कोण उभं राहणार आणि कडेला कोण, हे कॅमेरा यायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन यांचा हैदराबाद संस्थानातला १९०२ चा फोटो प्रसिद्ध आहे. तो लाला दीनदयाळ यांच्या नावावर आहे. दोघं उभे, पुढ्यात वाघ. आता अशी शिकार व्हायची कशी ते आठवा. वाघाचा माग काढायचा, आमिष म्हणून रेडकू बांधायचं, मचाण उभारायचं, मग ढोल-डबे वाजवत जंगल हाकारायचं आणि वाघाला मचाणापुढे आणून सोडायचं. जिवाचा धोका पायी चालणाऱ्यांना. चाप ओढणारा मात्र उंचावर बसलेला. फोटोत हे सगळं उलटं होतं: मचाण गायब, हाका गायब, उरतो एकटा वीर.

दुसरा फोटो जास्त अस्वस्थ करतो. कोरिया संस्थानचे (आजचं छत्तीसगड) राजे रामानुज प्रताप सिंह देव आणि १९४७ साली मारलेले तीन चित्ते. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. राजांनी तो फोटो पराक्रम म्हणून काढून घेतला असणार. आज आपण तोच फोटो एका प्रजातीचा शेवट म्हणून पाहतो. फोटोचा अर्थ काढणाऱ्याच्या हातात राहत नाही, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

मात्र अर्थ बदलला तरी फोटोतल्या जागा बदलत नाहीत. कोल्हापूरचंच घ्या. तिथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार व्हायची. विसाव्या शतकात इथले चित्ते संपत आले, तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. आज न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शिकारीचे फोटो आणि पेंढा भरलेली जनावरं आपण तिकीट काढून बघतो. त्या चित्त्यांना माणसाळवणं, त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं आणि नेमक्या क्षणी ती सोडणं हे पिढ्यांनी कमावलेलं कसब होतं. ते ज्यांच्या अंगी होतं, त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

शिकारीचं ज्ञान वारशाने मिळालेल्या पारध्यांना तर इतिहासाने दुसऱ्याच यादीत टाकलं. ‘पारध’ म्हणजेच शिकार, ती त्यांच्या नावातच आहे. ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आणला, १९११ साली तो देशभर लागू होईल असा केला आणि त्यात बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या, पण तो अपवाद. १९५२ साली दोन गोष्टी झाल्या: चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि हा कायदा रद्द झाला. चित्ता २०२२ साली कुनोत परत आणला गेला. पारध्यांवरचा संशय मात्र अजून पुरता गेलेला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, ते योग्यच झालं. पण त्यानंतर एका घरची शिकार ‘वारसा’ म्हणून भिंतीवर राहिली आणि दुसऱ्या घरची पोलिसांच्या वहीत गेली. दोन्ही पिढीजात परंपराच होत्या. एकीकडे अल्बम होता, दुसरीकडे नव्हता.

आपण बंदुकीऐवजी कॅमेरा घेतला म्हणून हा साचा मोडला असं मला वाटत नाही. ताडोब्याच्या वाघाचे फोटो तुमच्याही फीडवर येत असतील. चितळाचा इशारा ऐकून ‘इथेच थांबा’ म्हणणारा गाईड त्यांतल्या किती पोस्टमध्ये नावानिशी असतो?

तुमच्या घरी असा एखादा जुना फोटो असेल, तर आजी-आजोबांना मधल्या माणसाबद्दल विचारू नका. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कडेच्या माणसावर बोट ठेवा, नाव विचारा आणि मिळालं तर फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. त्यांच्यानंतर ते सांगणारं कुणी उरणार नाही.