उशीर, पण कोणापेक्षा?

मॉड्युलर सिंथेसायझरचं नवं मॉड्यूल आलं की त्याच्याबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो: याची लेटन्सी किती? म्हणजे आत गेलेला सिग्नल बाहेर पडायला किती वेळ लागतो? उत्तर मिलिसेकंदांत येतं आणि निकालही तिथल्या तिथे लागतो. आकडा लहान तर मॉड्यूल चांगलं, मोठा तर सामान्य. अ‍ॅनालॉग असेल तर प्रश्नच मिटला, तिथे उशीर शून्य धरतात. डिजिटल असेल तर आधीपासूनच संशय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लेटन्सीचे आलेख बघणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. सर्व्हरच्या बाबतीत हा हिशोब बऱ्यापैकी बरोबर असतो, कारण तिथे पलीकडे कुणीतरी स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र बघत ताटकळत असतं. वाद्याच्या बाबतीत मात्र हा आकडा असा वाचला की वाद्य कळायचं राहून जातं, असं मला वाटतं. इथे मी एकाच मॉड्यूलचा उशीर नीट वाचून बघणार आहे. त्याचं नाव क्लाउड्स. बनवणारी कंपनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स, आणि त्यामागची व्यक्ती एमिली जिये.

मॉड्युलरशी ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात: हा एकसंध कीबोर्ड नसतो. आवाज निर्माण करणारा डबा वेगळा, तो गाळणारा वेगळा, कमीजास्त करणारा वेगळा. हे सगळे केबलींनी आपण जोडायचे. या जोडणीला पॅच म्हणतात. १९६० च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी अमेरिकेत ही कल्पना प्रत्यक्षात आणली. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या डीटर डोएफर यांच्या ए-१०० या मालिकेतून आजचं युरोरॅक हे माप रूढ झालं. ही मॉड्यूल्स महाग असतात. पण व्हीसीव्ही रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि क्लाउड्सचा कोड मुक्त असल्यामुळे त्यात हे मॉड्यूल ‘टेक्श्चर सिंथेसायझर’ या नावाने मिळतं. म्हणजे पुढचं बरंचसं तुम्ही साध्या लॅपटॉपवर करून बघू शकता.

आधी मोजायचं कसं ते बघू. एक छोटा, टोकदार पल्स घ्यायचा आणि त्याचे दोन फाटे करायचे. एक फाटा सरळ साउंडकार्डच्या पहिल्या चॅनेलमध्ये, दुसरा मॉड्यूलमधून जाऊन दुसऱ्या चॅनेलमध्ये. रेकॉर्ड करायचं, मग दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवून मधले सॅम्पल मोजायचे. ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे सुमारे ०.०२ मिलिसेकंद. साउंडकार्डचा स्वतःचा उशीर दोन्ही चॅनेलना सारखाच लागतो, म्हणून तो वजाबाकीत निघून जातो.

या साध्या कृतीत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. एकट्या मॉड्यूलचा उशीर मोजताच येत नाही. मोजायला दुसरा रस्ता लागतो, ज्याच्या मानाने हा रस्ता लांबचा ठरतो. उशीर हा दोन वाटांमधला फरक आहे. माहितीपत्रकात मात्र तो वजन किंवा रुंदीसारखा एका वस्तूच्या नावावर लिहिला जातो, आणि तिथूनच वाचन बिघडतं.

हीच चाचणी एखाद्या अ‍ॅनालॉग फिल्टरवर करा. मूगचा प्रसिद्ध लॅडर फिल्टर म्हणजे एकामागोमाग एक असे चार टप्पे. प्रत्येक टप्पा टोकदार पल्स थोडा बोथट करतो आणि थोडा मागे ढकलतो. फिल्टर १०० हर्ट्झवर ठेवला आणि रेझोनन्स बंद केला, तर खालच्या स्वरांसाठी एका टप्प्याचा उशीर साधारण १.६ मिलिसेकंद येतो. चार टप्प्यांचा मिळून साडेसहाच्या आसपास. कटऑफ वर नेला की उशीर कमी होतो, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींसाठी तो वेगळाही असतो. म्हणजे ‘शून्य’ मानलेल्या अ‍ॅनालॉगमध्ये साडेसहा मिलिसेकंद! पण फिल्टर उशिरा येतो अशी तक्रार कुणी करत नाही. आपण त्याला ‘ऊबदार’ म्हणतो, ‘मऊ’ म्हणतो. डिजिटलमध्ये याहून कमी उशीर सापडला की त्याच कानांना तो दोष वाटतो. अ‍ॅनालॉगच्या वाट्याला विशेषण येतं, डिजिटलच्या वाट्याला आकडा.

आता क्लाउड्स. हे मॉड्यूल आत आलेल्या आवाजाचे बारीक कण करतं आणि ते पसरून, ताणून, एकमेकांवर रचून पुन्हा वाजवतं. चांगल्यातल्या चांगल्या दर्जावर त्याच्या स्मृतीत फक्त एक सेकंदाचा स्टीरिओ आवाज मावतो. त्याच्या कोडमध्ये दोन आकडे आहेत: सेकंदाला ३२,००० सॅम्पल, आणि एका वेळी ३२ सॅम्पलचा गठ्ठा. भागाकार सोपा आहे, एक गठ्ठा म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. गठ्ठा भरायला एक मिलिसेकंद. त्यावर काम होऊन तो बाहेर जाण्याच्या रांगेत लागेपर्यंत जवळपास आणखी एक. आवाजाचे आकडे करणाऱ्या आणि आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या चिपचा वेळ वेगळा. हिशोबाला सोपं म्हणून दोन मिलिसेकंद धरू. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सत्तर सेंटीमीटरही जात नाही. स्पीकरपासून एक पाऊल मागे सरकलात तरी एवढा उशीर होतो.

मग वाचण्यासारखं काय उरतं? एक नॉब उरतो: ब्लेंड. मूळ आवाज किती आणि कणांचा आवाज किती, हे तो ठरवतो. नॉब पूर्ण डावीकडे फिरवला की फक्त मूळ, म्हणजे ‘ड्राय’ आवाज ऐकू येतो. निदान आपली समजूत तशी असते. कोडमध्ये हे मिश्रण आकड्यांच्या पातळीवर होतं. म्हणजे ड्राय आवाजसुद्धा मायक्रोकंट्रोलरमध्ये जाऊन, गठ्ठ्यात बसून, आपली पाळी आल्यावर बाहेर येतो. क्लाउड्समधून बाहेर येणारा ‘मूळ’ आवाज ही मूळ आवाजाची उशिरा आलेली प्रत असते. व्हीसीव्ही रॅकमध्ये ब्लेंड शून्यावर ठेवून स्कोपवर पाहिलं तर दोन पल्स वेगवेगळे दिसतात, आणि दुसरा थोडा पसरलेलाही असतो.

हा दोष आहे का? मॉड्यूलच्या आत राहून ऐकलं तर नाही. उलट तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. मूळ आवाज आणि कण दोघेही सारख्याच उशिरा निघतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं नातं बिघडत नाही. क्लाउड्सच्या आत एकच घड्याळ आहे आणि सगळे त्याच घड्याळाने चालतात.

गडबड बाहेर होते. समजा तुम्ही मूळ आवाजाचा एक फाटा थेट मिक्सरमध्ये नेला, दुसरा क्लाउड्समधून नेला आणि दोन्ही एकत्र केले. दोन मिलिसेकंदांच्या फरकाने २५० हर्ट्झवर दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. मग ७५०, १२५० असं पुढे, कंगव्याच्या दातांसारखं. आवाज पातळ, पोकळ, पाइपमधून आल्यासारखा होतो. उशीर ‘उशीर’ म्हणून कानाला कळतच नाही, तो रंग म्हणून कळतो. आणि क्लाउड्सचं आउटपुट बाहेरच्या मिक्सरमधून त्याच्याच इनपुटला जोडलं, तर या हिशोबाने घुमणारा आवाज ५०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींभोवती उभा राहील, चिपचा वेळ धरला तर त्याच्या किंचित खाली. ३२ हा कोडमधला रुक्ष आकडा अशा पॅचमध्ये स्वर होतो.

माझी क्लाउड्सवरची टीकाही इथेच आहे. फ्रीझ, पोझिशन, साइझ, पिच, डेन्सिटी, टेक्श्चर, ब्लेंड असं सगळं पॅनेलवर लिहिलेलं आहे, पण आत आणि बाहेर दोन वेगळी घड्याळं आहेत याची खूण कुठेच नाही. वाद्य आपल्याला ‘ड्राय’ या शब्दावर विश्वास ठेवायला लावतं, आणि तो विश्वास फक्त आतल्या बाजूने खरा आहे. एवढ्या विचारपूर्वक बनवलेल्या वाद्याने ही गोष्ट वाजवणाऱ्याला स्वतःहून सांगायला हवी होती.

हे मागणं अवास्तव नाही, कारण याच कंपनीच्या ब्रेड्स या मॉड्यूलने तसं केलेलं आहे. बऱ्याच सीक्वेन्सरमधून ‘वाजव’ हा इशारा आधी पोचतो आणि कोणता स्वर वाजवायचा ते सांगणारा व्होल्टेज क्षणभर नंतर. इशारा येताच मॉड्यूल वाजलं तर सुरुवातीला आधीचाच स्वर निसटून जातो. म्हणून ब्रेड्सच्या मेनूमध्ये इशारा मुद्दाम लांबवण्याची सोय आहे. मॉड्यूल थोडं थांबलं की सूर बरोबर लागतो. इथे उशीर ही दुरुस्ती आहे, आणि ती वाजवणाऱ्याच्या हातात दिली आहे.

व्हीसीव्ही रॅकही याबाबतीत प्रामाणिक आहे. तिथे प्रत्येक केबल एक सॅम्पलचा उशीर लावते. त्यामुळेच आउटपुट फिरवून इनपुटला जोडण्याचे पॅच तिथे सहज चालतात: आत्ताचं उत्तर काढायला आत्ताचंच उत्तर लागेल असा पेच पडत नाही, एक सॅम्पल आधीचं उत्तर हाताशी असतं. पण क्लॉक आणि रीसेट वेगवेगळ्या लांबीच्या वाटांनी आले की एक दुसऱ्याच्या आधी पोचतो आणि सीक्वेन्सर एक पायरी चुकतो. यावर व्हीसीव्हीच्या नियमावलीत उपाय दिला आहे: रीसेट आल्यावर एक मिलिसेकंदापर्यंत क्लॉककडे दुर्लक्ष करा. मागून येणाऱ्यासाठी दार थोडं उघडं ठेवण्याचा हा नियम मला फार आवडतो.

आकड्याला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. एकच ढोल दोन वाटांनी मिक्सरमध्ये येत असेल, तर दोन मिलिसेकंदांनी त्याचा ठोका फुसका पडू शकतो. तिथे मोजायलाच हवं, आणि गरज पडली तर लवकर येणारी वाट मुद्दाम लांब करायला हवी. पण सबंध पॅचमध्ये एकच वाट असेल, तर तेच दोन मिलिसेकंद कुणाच्याही लक्षात येणार नाहीत. मॉड्यूल तेच, आकडा तोच. फरक पॅचचा आहे.

म्हणून लेटन्सीचे तक्ते बघून मॉड्यूल निवडणाऱ्या मित्रांना माझं सांगणं एवढंच की त्या आकड्याला दोन प्रश्न विचारा. हा उशीर कोणापेक्षा? आणि तो इथे ठेवायचं कुणी, कशासाठी ठरवलं? पहिल्याचं उत्तर स्कोप देतो. दुसऱ्यासाठी कोड वाचावा लागतो, नॉब फिरवून बघावे लागतात आणि वाद्य बनवणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. कवितेतली ओळ नेमकी तिथेच का तुटली असेल, हे शोधताना आपण वेगळं काही करत नाही.